एक्स्पोर्ट क्वालिटीची कारणं

आमच्या पॅकहाऊसमध्ये दोन प्रकारचा माल येतो. एक द्राक्षं आणि दुसरा कारणं. द्राक्षांचा सीझन संपतो, मग टोमॅटो येतो, मग तोही संपतो. कारणांना सीझन नाही. ती बारमाही येतात, ताजी येतात आणि एकासारखं दुसरं सापडत नाही. शेठना मी कितीदा म्हटलं, आपण उगाच द्राक्षं परदेशात पाठवतो, खरी एक्स्पोर्ट क्वालिटी आपल्या गेटवर उभी असते.

पॅकहाऊस नारायणगावच्या जवळ, अगदी हायवेला लागून. शेतातून आलेला माल निवडायचा, छाटायचा, खोक्यांत भरायचा, थंड करायचा आणि कंटेनरमध्ये चढवायचा, एवढंच काम. मी तिथली मॅनेजर. माहेर मंचरचं, सासर इथलंच. नेमणूक झाली तेव्हा माझं काम 'गुणवत्ता नियंत्रण' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी रोज सकाळी गेटपाशी उभी राहून प्रत्येकाला 'का?' एवढाच प्रश्न विचारते. परवा कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या. त्यांना सहज एक किस्सा सांगितला, तर जेवण गार झालं तरी कोणी उठेना. तेव्हा लक्षात आलं, आपल्याकडे स्टॉक बराच झालाय. थोडा उतरवलेला बरा.

*

सुरुवात अविनाशपासून करते, कारण तो सगळ्यात जवळ राहतो.

अविनाश आमचे अकाउंट्स बघतो. त्याचं घर पॅकहाऊसच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. त्याच्या गॅलरीतून आमचं गेट दिसतं आणि आमच्या गेटातून त्याची गॅलरी. कामाची वेळ झाली की मला अविनाश रोज न चुकता दिसतो. दात घासताना.

एकदा त्याला बसवून विचारलं, "अरे, लोक बोरीहून, ओतूरहून वेळेत येतात. तुला समोरून यायला काय होतं?"

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, लांबच्यांचं बरं असतं. त्यांना निघावंच लागतं. मला घरातनंच ऑफिस दिसतं. दिसलं की पोचल्यासारखंच वाटतं."

त्यातून हा मोटारसायकलवर येतो. मधे डिव्हायडर. म्हणजे आधी चौकापर्यंत जायचं, तिथं वळायचं, चौकात कोणीतरी ओळखीचं भेटणार, ते चहा पाजणार. म्हटलं, "चालत ये ना. रस्ता ओलांडला की ऑफिस."

"चालत?" त्याला ते फारच लागलं. "गाव काय म्हणेल मॅडम? अकाउंटंट हाय अन् गाडी न्हाई?"

गेल्या महाशिवरात्रीला तर तो आलाच नाही. मी फोन लावला. म्हणाला, "मॅडम, पंक्चर झालंय. काढतोय." मागे घंटा वाजत होती, शेकडो माणसं 'हर हर महादेव' म्हणत होती. भीमाशंकरला इतकं गर्दीचं पंक्चरचं दुकान असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "पंक्चरवाल्याला माझाही नमस्कार सांग."

"सांगतो मॅडम," तो म्हणाला. "पण अजून लाइन लई मोठी हाय."

*

आमच्या पॅकिंगच्या बायका बोरी बुद्रुकच्या बाजूनं जीपनं येतात. जीप गोरखची. गोरख माणूस चांगला, पण त्याचा एक सिद्धांत आहे: जीप पूर्ण भरल्याशिवाय हलवणं हा जीपचा अपमान आहे. आणि त्याच्या जीपची 'पूर्ण भरली' ही व्याख्या कंपनीनं जीप बनवताना डोळ्यांपुढे ठेवली असेल असं वाटत नाही.

रोज फोन व्हायचा. "गोरखभाऊ, कुठं आहात?"

"स्टँडवरच की मॅडम. दोन शिटा कमी हायेत."

"बायका बसल्यात ना?"

"बसल्यात. पार कवाच्या बसल्यात."

इकडे द्राक्षांचे क्रेट उतरून पडलेले, छाटायला माणूस नाही. शेवटी एके दिवशी माझा आवाज चढला. मी म्हटलं, "हे बघा, उद्यापासून वेळ झाली की निघायचं. कोणी येवो न येवो. कुणासाठीही थांबायचं नाही. कळलं?"

"कळलं मॅडम."

दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी जीप गेटात हजर. मी इतकी खूश झाले की स्वतः पुढे गेले. जीपमधून गोरख उतरला. मागून कोणीच उतरलं नाही.

"बायका कुठायत?"

"त्या यायला लागल्या व्हत्या," गोरख म्हणाला. "रस्त्यातच दिसल्या. हात बी करीत व्हत्या. पण तुमी म्हणला व्हता ना, कुणासाठी थांबायचं न्हाई."

*

मग शेठनी मशीन आणलं. आमचे शेठ म्हणजे पॅकहाऊसचे मालक. मनानं उदार, पण पुण्याला एखाद्या प्रदर्शनात जाऊन आले की काहीतरी घेऊन येतात. यावेळी अंगठ्याचं मशीन आलं. भिंतीवर लावलं, हार घातला, नारळ फोडला. शेठ म्हणाले, "आता कारणं बंद. माणूस खोटं बोलंल, अंगठा न्हाई बोलणार."

मशीनमध्ये एक बाई इंग्रजीत बोलते. अंगठा पटला तर 'थँक्यू', नाही पटला तर 'प्लीज ट्राय अगेन'.

सगळ्यात पुढे सुमनमावशी उभ्या राहिल्या. मावशी पॅकिंगच्या बायकांच्या म्होरक्या. वर्षानुवर्षं कात्री धरून आणि क्रेट धुऊन त्यांच्या बोटांवर रेषा नावाला उरल्यात. मशीन म्हणालं, "प्लीज ट्राय अगेन." मावशींनी अंगठा पदराला पुसला. "प्लीज ट्राय अगेन." दुसरा अंगठा लावला. मग शेजारणीचा लावून बघितला. तिचाही तोच प्रकार. रांग गेटापर्यंत गेली. त्या दिवशी आमच्याकडे पहिल्यांदाच सगळे वेळेत आले आणि सगळ्यांची हजेरी उशिराची लागली.

मावशींनी विचारलं, "ही बया म्हणतीय तरी काय?"

मी म्हटलं, "म्हणतीय, परत प्रयत्न करा."

दुपारी मोजदाद केली तर कमल नावाची एक बाई कमी. फोन केला, तर ती घरी. "मशीनच म्हणलं ना परत करा. म्हणलं आता उद्या सकाळी येऊन करू."

शेठना राग आला. मशीन चांगलं आहे, तुम्हालाच लावता येत नाही, हे दाखवायला त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःचा अंगठा ठेवला. पहिल्या झटक्यात 'थँक्यू'.

मावशींनी तो अंगठा जवळून बघितला. म्हणाल्या, "घेणारच की. कोरा करकरीत हाय."

मशीन आता आतल्या खोलीत असतं. त्यात काय बिघडलंय कोण जाणे, जवळून नुसतं कोणी गेलं तरी 'थँक्यू' म्हणतं. आमच्याकडे कामगारांना थँक्यू म्हणणारं तेवढं एकच आहे, म्हणून मी दुरुस्त करून घेतलेलं नाही.

*

मशीननंतर शेठनी गेटचा नियम काढला. वेळ झाली की गेट बंद. उशिरा येईल त्यानं जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर उभं राहायचं. लाज वाटली की आपोआप वेळेत येतील, असा हिशेब.

गेटवर धोंडिबामामा असतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता मेंढरं थोडी राहिलीत, ती भाऊ बघतो आणि मामा आम्हाला बघतात. सांगितलं ते करणार, एवढंच त्यांना ठाऊक. शेठनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, टाइम झाल्यावर कुणालाबी गेट उघडायचं न्हाई. काय?"

"न्हाई उघडायचं."

आता आमच्या गेटाबाहेर वडापावची गाडी आहे. शेजारी चहा. वर चिंचेची सावली. पहिल्या दिवशी चार जण बाहेर राहिले. त्यांनी चहा घेतला, गप्पा मारल्या, एकानं मोबाइलवर अर्धा पिक्चर बघितला. वेळेत येऊन आत अडकलेले लोक जाळीतून त्यांच्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी बाहेर डबल माणसं. शिक्षा इतकी लोकप्रिय झालेली मी आधी कुठं पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेठची गाडी आली. वेळ टळून गेली होती. शेठनी हॉर्न दिला. मामा जाळीपाशी आले.

"शेठ, टाइम झाला."

"अहो मामा, मी आहे."

"दिसतंय की. वळखलं म्हणून तर बोललो. दुसरा असता तर बोललो बी नसतो."

शेठनी मला फोन लावला. मी आत. म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा गेट उघडायला." मी गेटपाशी जाऊन माझा फोन मामांच्या हातात दिला, म्हटलं शेठ बोलतायत. मामांनी तो कानाला लावला. जाळीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, शेठही फोन कानाला लावून उभे.

"मामा, मी शेठ बोलतोय. गेट उघडा."

मामांनी फोन खाली घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आवाज शेठसारखाच हाय. पण फोनवरचं काय खरं धरायचं?"

शेठनी त्या दिवशी चिंचेखाली वडापाव खाल्ला. नियम दुपारीच रद्द झाला. गेट उघडताना मामा मला म्हणाले, "मेंढरं बरी बघा. उशीर केला तर कारण सांगत न्हाईत. अन् मालकीबी सांगत न्हाईत."

*

आता दत्ता. हा आमच्या कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर, बोरीचा. त्याचं कारण एकच: बिबट्या.

आमच्या भागात बिबट्या आहे हे काही खोटं नाही. उसात आहे, ओढ्यात आहे, एकदा तर शाळेच्या पाठीमागं बसलेला होता. लोक जीव मुठीत धरून रानात जातात. त्यामुळे बिबट्याच्या नावावर कोणाला 'खोटं बोलतोस' असं म्हणायची माझी हिंमत नाही. माझी शंका बिबट्याबद्दल नाहीच. त्याच्या टायमिंगबद्दल आहे. दत्ताचा बिबट्या फक्त कामाच्या दिवशी आडवा येतो. सुट्टीच्या दिवशी त्यालाही सुट्टी असते. आणि पगाराच्या दिवशी तर तो दत्ताला स्वतःहून वाट देतो.

मी एकदा म्हटलं, "दत्ता, पुढच्या वेळी फोटो काढून आण."

पुढच्या आठवड्यात फोटो आला. एकदम स्वच्छ, बिबट्या रुबाबात बसलेला. फक्त मागं एक उघडी जीप होती आणि जीपमध्ये गोरे लोक दुर्बिणी लावून बसले होते.

"दत्ता, हे लोक कोण रे?"

दत्तानं फोटो नीट बघितला. "गोरखचं पॅसेंजर आसतील."

हे शेठच्या कानावर गेलं. शेठ म्हणाले, "मी स्वतः जातो उद्या सकाळी. याच्या घरापाशी गाडी लावून बसतो. बघू कोण आडवं येतंय."

आणि नेमका दुसऱ्या दिवशी दत्ता वेळेत आला. माझ्या शेजारी उभा राहून कोल्ड स्टोरेजचं तापमान सांगत होता, तेवढ्यात शेठचा फोन. आवाज इतका बारीक की मला वाटलं बॅटरी उतरलीय.

"मॅडम, हळू बोला."

"काय झालं?"

"बसलाय."

"कोण?"

"तोच. गाडीच्या म्होरं. रस्त्यात. उठंना झालाय."

शेठ काचा लावून गाडीत, पुढं दोन्ही बाजूंना ऊस, मधल्या अरुंद रस्त्यावर बिबट्या. गाडी मागं घ्यावी तर वळणावर ओढा. खरंच घाबरले होते. मीही घाबरले. दत्ताला सांगितलं, तसा तो लगेच बाजूला झाला, भावाला फोन केला, ट्रॅक्टर घेऊन जा म्हणाला, फटाक्यांची माळ घे म्हणाला, उतरू नको म्हणाला. एक शब्द चेष्टेचा नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. थोड्या वेळानं भावाचा फोन आला. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बिबट्या उठला, आळस दिला आणि उसात गेला. शेठ सुखरूप.

मी हुश्श केलं. दत्तानंही केलं. मग तापमानाचे आकडे बघत बघत म्हणाला, "मॅडम, शेठला तेवढं म्हणावं, फोटो पाठवा."

*

शेवटचा किस्सा याच सीझनचा.

आमचं वार्षिक ऑडिट होतं. परदेशातल्या खरेदीदारातर्फे पुण्याहून एक ऑडिटर बाई येतात, सगळं बघतात आणि पास म्हणाल्या तरच आमचा माल बोटीवर चढतो. नापास झालो तर सीझन गेला, सगळ्यांचं काम गेलं. या बाई कडक. मागच्या वर्षी त्यांनी एका कोळिष्टकावर माझ्याशी अर्धा तास चर्चा केली होती.

मी आठवडाभर सगळ्यांना हात जोडून सांगत होते. एक दिवस. फक्त एक दिवस वेळेत या. मावशी म्हणाल्या, "येतो की मॅडम. एवढं काय त्यात." दत्ता म्हणाला, "आमी सगळीच एका जीपनं येतो." गोरख म्हणाला, "जीप मी अर्धी बी नेईन."

त्या सकाळी ऑडिटर बाई ठरल्या वेळेला गेटात उतरल्या. शेठ इस्त्रीच्या कपड्यांत. मी फाइल घेऊन. धोंडिबामामांनी सलाम ठोकला. आत गेलो, तर लांबलचक स्वच्छ हॉल, चकचकीत टेबलं, ओळीनं मांडलेल्या कात्र्या आणि माणूस एकही नाही.

नाही म्हणायला अविनाश होता. तो समोरून चालत आला होता.

बाईंनी घड्याळ बघितलं. "शिफ्ट किती वाजता सुरू होते?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. गोरखला फोन केला, उचलला नाही. दत्ताला केला, उचलला नाही. मावशींचा फोन वाजत राहिला. बाई त्यांच्या फाइलमध्ये काहीतरी लिहायला लागल्या आणि बराच वेळ लिहीतच राहिल्या. ही सगळी माणसं उशीर करतात हे मला माहीत होतं. पण फोन न उचलणारी नव्हती.

मी म्हटलं, "शेठ, मी बघून येते." शेठ म्हणाले, "मीबी येतो." बाई म्हणाल्या, "मग मी इथं एकटी काय बघू?" आणि त्याही गाडीत बसल्या.

बोरीच्या रस्त्याला, ओढ्याच्या वळणावर गाड्यांची रांग लागली होती. आम्ही उतरून चालत पुढं गेलो. द्राक्षांची एक पिकअप रस्त्याकडेच्या चारीत कलंडलेली. क्रेट उलटून माल रस्त्यावर, गवतात, मातीत. ड्रायव्हरच्या हाताला रुमाल बांधलेला. पलीकडे एक बाई दगडावर बसली होती, बाग तिची. माल दुसऱ्याच एका पॅकहाऊसला निघाला होता. आमचा नव्हता, आमच्या ओळखीचाही नव्हता.

गोरखनं जीप आडवी लावून अर्धा रस्ता अडवला होता आणि येणाऱ्या ट्रकवाल्यांना बाजू दाखवत होता. दत्ता आणि आणखी दोघं दोर लावून पिकअप सरळ करत होते. आणि वळणाच्या आतल्या बाजूला, ताडपत्री अंथरून, आमच्या सगळ्या बायका ओळीनं बसल्या होत्या. डोक्याला टोप्या. हातात स्वतःच्या कात्र्या. एक जण घड उचलत होती, दुसरी फुटके मणी छाटत होती, तिसरी क्रेटमध्ये मांडत होती. आमच्या हॉलमध्ये जशा बसतात अगदी तशाच, फक्त ऊन जास्त होतं. भरलेल्या क्रेटची थप्पी चांगली कमरेइतकी झाली होती.

ऑडिटर बाई थांबल्या. मग त्यांनी शेठना विचारलं, "ही तुमची माणसं?"

हो म्हणावं की नाही, यातलं फायद्याचं काय, ते शेठना चटकन ठरवता येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो. आमचीच."

बाई पुढं झाल्या आणि सवयीनं विचारलं, "हात धुतलेत का?"

"कॅनमधी पाणी व्हतं, त्यानं धुतलं," सुमनमावशी म्हणाल्या. मान वर केली नाही. "बाई, जरा बाजूला व्हा, मालावर सावली पडतीय. घड नीट दिसत न्हाई."

बाई बाजूला झाल्या. दगडावरची ती बागवाली बाई आता उठून उभी राहिली होती आणि पदर तोंडाला लावून बघत होती. ऑडिटर बाईंनी हातातली फाइल गोरखच्या जीपच्या बॉनेटवर ठेवली, चष्मा पुसला आणि ताडपत्रीच्या कडेला उकिडव्या बसल्या.

मी अजून उभीच होते. तेव्हा मावशींनी पहिल्यांदा वर बघितलं.

"मॅडम, लई उशीर केला तुमी," त्या म्हणाल्या. "घ्या कात्री."